कृपेकडून हक्काकडे : म्हैसूर संस्थानातील बदलते स्त्रीजीवन

१८८१ मध्ये म्हैसूर शहरात मुलींची एक शाळा राजाश्रयाने निघाली आणि तिला महाराणींचे नाव मिळाले. १९३३ मध्ये त्याच संस्थानाने हिंदू कुटुंबातील मालमत्तेविषयी कायदा केला, त्याच्या नावातच ‘स्त्रियांचे हक्क’ हे शब्द आले. शाळा ही राजघराण्याची कृपा होती. कायद्याने स्त्रीला न्यायालयात जाऊन मागता येईल असे काही दिले. या दोन घटनांमधल्या बावन्न वर्षांत म्हैसूरच्या स्त्रीने वर्गात, छापखान्यात, इस्पितळात, कारखान्यात आणि मतदारयादीत आपली जागा कशी मिळवली, आणि कोणत्या स्त्रियांना ती मिळाली नाही, हा प्रस्तुत विषय आहे.

म्हैसूरची राजकीय घडण ध्यानात घेतली तर या बदलाची चाल समजते. १८३१ पासून इंग्रज कमिशनरांच्या हाती असलेला कारभार १८८१ मध्ये चामराजेंद्र वडियार यांच्याकडे परत आला. दिवाण रंगाचार्लू यांनी त्याच वर्षी प्रजाप्रतिनिधी सभा सुरू केली. या सभेला कायदे करण्याचा अधिकार नव्हता, पण गाऱ्हाणी मांडता येत, प्रश्न विचारता येत, आणि सरकारला उत्तर द्यावे लागे. पुढच्या दिवाणांमध्ये तंजावरकडच्या मराठी घराण्यांतील व्ही. पी. माधवराव आणि टी. आनंदराव हे दोघे होते. आनंदराव हे त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचे चिरंजीव. मराठी वाचकाला सयाजीरावांचे बडोदे आणि शाहू महाराजांचे कोल्हापूर परिचयाचे आहे. म्हैसूर त्याच पंगतीतले. तिन्ही ठिकाणी सुधारणा दरबारातून निघाली, म्हणून ती लवकर झाली. आणि तिन्ही ठिकाणी ती कुठवर जाणार, हेही बराच काळ दरबारानेच ठरवले.

शाळेपूर्वी स्त्रीने शिकणे म्हणजे काय होते, हे पंडिता रमाबाईंच्या घराण्याच्या कथेतून कळते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी तरुणपणी पुण्यात आपल्या गुरूंना पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवताना पाहिले होते. आपल्या पत्नीलाही शिकवायचे, असे त्यांनी ठरवले. घरच्यांचा आणि समाजाचा विरोध झाला, तेव्हा ते लक्ष्मीबाईंना घेऊन सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले. तिथेच १८५८ मध्ये रमाबाईंचा जन्म झाला आणि आईच्या तोंडून ऐकत त्यांचे संस्कृत शिक्षण सुरू झाले. पत्नीला अक्षरे शिकवायची तर वस्ती सोडून रानात जावे लागे, असा तो काळ होता. त्यानंतर पंचवीस वर्षे उलटण्याआधीच म्हैसूरच्या भर वस्तीत मुलींचा वर्ग भरू लागला.

राजवाड्याशी संबंधित असलेले अंबळे नरसिंह अय्यंगार हे महाराणी कन्याशाळेचे प्रवर्तक. पुण्यात हुजूरपागेची शाळा १८८४ मध्ये निघाली. म्हैसूरची त्याहून तीन वर्षे आधीची. अय्यंगारांनी मोठ्या हिकमतीने पालकांची भीती घालवली. वर्गावर वयस्क आणि प्रतिष्ठित पंडित नेमले. कन्नड व संस्कृत, पुराणातल्या कथा, वीणावादन आणि शिवणकाम असे घराला ओळखीचे विषय आधी ठेवले, इंग्रजी आणि गणित त्यांच्या सोबतीने आणले. वीणा शिकायला मुलगी जाते, याला आजी नाही म्हणत नसे. या युक्तीचे मोलही द्यावे लागले. शाळा दीर्घकाळ मुख्यतः ब्राह्मण व उच्चवर्णीय घरांचीच राहिली, आणि शिक्षणाने मुलगी चांगली गृहिणी होते, हाच तिच्या बाजूचा पहिला युक्तिवाद राहिला.

शिकवणाऱ्या स्त्रीची जागा त्याहून अवघड होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात रवींद्रनाथ टागोरांची भाची सरलादेवी घोषाल या शाळेत शिकवायला आली. तरुण, अविवाहित, पदवीधर मुलगी घर सोडून हजारभर मैलांवर नोकरी करते, ही त्या काळी नवलाची गोष्ट. स्वतःच्या कमाईवर जगून पाहायचे, एवढाच तिचा हेतू होता. एका रात्री कोणी इसम तिच्या राहत्या घरात शिरला. गाजावाजा झाला, टीकाही झाली, आणि थोड्याच काळात ती बंगालला परतली. जाताना तिने म्हैसूरच्या गाण्यांच्या चाली सोबत नेल्या, आणि त्यांतल्या काहींवर रवींद्रनाथांनी पदे रचली. नोकरी मिळाली तरी एकट्या स्त्रीने सुरक्षित राहावे कुठे, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. शिक्षिका, परिचारिका, विद्यार्थिनी यांच्यासाठी पुढे वसतिगृहांची मागणी का होत राहिली, ते इथे दिसते.

डिसेंबर १८९४ मध्ये चामराजेंद्र कलकत्त्यात घटसर्पाने वारले. युवराज कृष्णराज दहा वर्षांचा होता. त्यामुळे महाराणी केंपनंजम्मण्णी, दरबारी बिरुदाने ‘वाणीविलास सन्निधान’, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी राज्याच्या रीजंट झाल्या आणि ऑगस्ट १९०२ पर्यंत त्यांनी कारभार पाहिला. त्यांच्या कारकिर्दीत प्लेगची साथ आली आणि राजवाड्याला आग लागली. त्याच काळात कावेरीवर शिवनसमुद्र येथे जलविद्युत केंद्र उभे राहून १९०२ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज मिळाली, आणि मारीकणिवे येथे धरणाचे काम सुरू झाले. त्या जलाशयाला आजही वाणीविलास सागर म्हणतात. ज्या काळी विधवेचे दर्शन अपशकुनाचे मानले जाई, त्या काळी एका विधवेच्या सहीने राज्याचे हुकूम निघत होते. ही सत्ता त्यांना मुलाच्या वतीने आणि मंडळाच्या सल्ल्याने मिळालेली होती, सर्वसामान्य विधवेच्या स्थितीत तिने फरक पडला नाही. तरीही स्त्रीला कारभार जमत नाही, हे म्हैसुरात पुन्हा कोणी सहज म्हणू शकले नाही.

रीजन्सीच्या थोडे आधी, १८९४ मध्येच, म्हैसूरने बालविवाह प्रतिबंधक कायदा केला. आठ वर्षांखालील मुलीचे लग्न आणि पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाचे चौदा वर्षांखालील मुलीशी लग्न, अशा दोन गोष्टींना त्याने मनाई केली. आजच्या नजरेला ही मर्यादा फार तोकडी वाटते. पण ब्रिटिश हिंदुस्थानात तीन वर्षांपूर्वी संमतिवयाच्या विधेयकावरून उठलेले वादळ शमले नव्हते आणि लग्नाच्या वयाला हात घालणारा शारदा कायदा यायला १९२९ साल उजाडायचे होते. दहा वर्षांनी, १९०४ मध्ये, बडोद्याने या दिशेने पाऊल टाकले. आठ वर्षांची मर्यादा बालपण वाचवायला पुरेशी नव्हती, तरी धर्माच्या नावाने चालणाऱ्या विवाहात राज्य हस्तक्षेप करू शकते, हे तत्त्व तिने रुजवले.

शिक्षणाची पुढली पायरी १९०६ मध्ये आली. महाराणी शाळेला तोवर महाविद्यालयाची जोड मिळाली होती, आणि त्या वर्षी के. डी. रुक्मिणीअम्मा व श्रीरंगम्मा या मद्रास विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. संस्थानाला स्वतःचे विद्यापीठ अजून नव्हते. ते २७ जुलै १९१६ रोजी स्थापन झाले, दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या कारकिर्दीत. त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात महिला विद्यापीठ काढले. त्यांनी जपानच्या महिला विद्यापीठाचा नमुना समोर ठेवला होता: स्त्रियांचे शिक्षण मातृभाषेतून आणि त्यांच्या जीवनाला जुळणाऱ्या विषयांचे असावे, त्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ हवे. म्हैसूरच्या विद्यापीठात स्त्री आणि पुरुष एकाच परीक्षेला बसत, एकच पदवी घेत. कर्व्यांच्या वाटेने जास्त मुली, विशेषतः विधवा, शिक्षणात आल्या; म्हैसूरच्या वाटेने आलेल्या थोड्या मुलींना पुरुषांच्या बरोबरीची पदवी हाती पडली. दोन्ही वाटांची गरज होती.

पदवीधर स्त्रिया मोजक्याच होत्या. त्यांच्याहून मोठ्या वर्तुळात शिरले ते छापील कन्नड. याची सर्वांत बोलकी साक्ष नंजनगूडच्या तिरुमलांबा यांची. म्हैसूरजवळच्या या तीर्थक्षेत्री १८८७ मध्ये त्यांचा जन्म झाला. दहाव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी वैधव्य. वकील असलेल्या वडिलांनी मुलीला घरी पुस्तके आणून दिली. १९१३ मध्ये तिरुमलांबांनी ‘सती हितैषिणी’ ही ग्रंथमाला सुरू केली आणि तिच्यात आपली ‘सुशीले’ ही कादंबरी छापली. पुढे ‘कर्नाटक नंदिनी’ हे स्त्रियांचे मासिक काढले. लिहायचे, मुद्रिते तपासायची, वर्गणीदार जमवायचे, अंक टपालात टाकायचे, ही कामे नंजनगूडच्या घरात बसून एका बालविधवेने केली. सभेला जाणे, प्रवास करणे, परक्या पुरुषांशी बोलणे विधवेला वर्ज्य होते. टपालाची पिशवी मात्र कोणी अडवत नव्हते. तिरुमलांबांच्या कथांतली नायिका पतिव्रताच असते, सासरचे घर सोडत नाही. पण ती वाचते, विचार करते आणि नवऱ्याला चुकीच्या वाटेवरून परत आणते. जुन्या आदर्शाच्या आतच नव्या बाईसाठी जागा करण्याची ही रीत त्या काळच्या मराठी मासिकांतही आढळते. तिरुमलांबा १९८२ पर्यंत जगल्या. मधली कित्येक वर्षे त्यांचे लेखन विस्मरणात होते आणि त्यांच्या उतारवयात अभ्यासक स्त्रियांनी ते पुन्हा उजेडात आणले.

बंगळूरच्या आर. कल्याणम्मा याही बालविधवा. त्यांनी ‘सरस्वती’ हे मासिक चार दशके चालवले, आणि १९३८ मध्ये मुलांसाठी ‘मक्कळ कूट’ ही संस्था काढली. १९१३ मध्ये बंगळुरात महिला सेवा समाजाचे काम सुरू झाले होते; तिथे अर्धवट शिक्षण सुटलेल्या बायका, विधवा आणि टाकलेल्या स्त्रिया पुन्हा पाटीवर बसल्या. पुण्यात रमाबाई रानड्यांचे सेवासदन १९०९ मध्ये उभे राहिले, त्याच्याशी या कामाचे नाते स्पष्ट आहे. पहिल्या पिढीला दरबाराने शिकवले, आणि त्या शिकलेल्या स्त्रियांनी दुसऱ्या पिढीला शिकवले.

सुधारणेची दुसरी बाजू देवदासींच्या इतिहासात दिसते. १९०९ मध्ये म्हैसूर सरकारने मुजराई, म्हणजे देवस्थान, खात्याच्या देवळांतील देवदासींची सेवा बंद केली. लहान मुलींना देवाला वाहण्याची प्रथा थांबावी, हा हेतू योग्यच होता. पण या स्त्रियांना देवळाकडून वंशपरंपरेने मिळणारे उत्पन्न होते, त्या मुलगी दत्तक घेऊ शकत आणि तिला वारसा देत, त्यांना वाचता-लिहिता येई, संगीत व नृत्याची विद्या त्यांच्याकडे होती. गृहिणींना जे हक्क मिळवायला पुढची दशके लढावे लागले, त्यांतले काही देवदासींकडे आधीपासून होते आणि ते सुधारणेत गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९२० मध्ये जोगत्या-मुरळ्यांविषयी कायदा केला, तेव्हाही या बायांच्या उपजीविकेचा प्रश्न असाच समोर उभा होता.

याच परंपरेतली नंजनगूडची कन्या म्हणजे बंगळूर नागरत्नम्मा. १८७८ मध्ये तिचा जन्म झाला. म्हैसूर दरबारात तिने गायन-नृत्य सादर केले आणि नंतर मद्रासला नाव कमावले. १९१० मध्ये तिने ‘राधिका सांत्वनम्’ हे तेलुगू काव्य संपादून छापले. ते रचणारी मुद्दुपळणी तंजावरचे मराठा राजे प्रतापसिंह यांच्या दरबारातली कवयित्री. स्त्रीने लिहिलेले शृंगारकाव्य स्त्रीने छापले, म्हणून गहजब झाला आणि इंग्रज सरकारने ग्रंथावर बंदी घातली. नागरत्नम्मा मागे हटली नाही. आयुष्यभराची कमाई घालून तिने तिरुवैयारूला त्यागराजांच्या समाधीवर मंदिर बांधले, आणि जिथे बायकांना गायला मज्जाव होता, तिथे बायकांचे गायन उभे केले. कायद्याने ज्या वर्गाला मोडीत काढले, त्यातल्या एका स्त्रीने ग्रंथसंपादक आणि दात्री म्हणून स्वतःचे स्थान निर्माण केले.

श्रमिक स्त्रीकडे या काळाच्या इतिहासाने कमी लक्ष दिले आहे. शेतात लावणी-निंदणी करणारी, मलनाडच्या कॉफीमळ्यांत फळे तोडणारी, शहरात उदबत्त्या वळणारी स्त्री घराबाहेर पडलीच होती. तिच्यासाठी ‘घराबाहेर पडणे’ ही सुधारणा नव्हती, गरज होती. म्हैसूरच्या रेशमाची सुरुवात तिच्याच हातांत होते. तुतीची पाने तोडायची, बारीक चिरायची, अळ्यांना दिवसरात्र ठरावीक वेळाने घालायची, पोसलेल्या अळ्या बांबूच्या गोल चंद्रिकेवर सोडायच्या आणि कोष तयार होईपर्यंत डोळ्यांत तेल घालून बसायचे, हे बरेचसे काम घरच्या बायका करत. १९१२ मध्ये म्हैसूर शहरात रेशीम विणण्याचा कारखाना निघाला. साडीची कीर्ती कारखान्याला मिळाली, कोषाची मेहनत घरकामात धरली गेली. १९२७ मध्ये नंजनगूडजवळ बदनवाळू येथे खादीकेंद्र सुरू झाले. तिथे चरख्यावर बसलेल्या खेड्यातल्या बाईला सुताच्या वजनाप्रमाणे रोख मजुरी मिळू लागली. स्वतःच्या हातात आलेला पैसा हा तिच्यासाठी बदलाचा पहिला अनुभव होता.

आरोग्याच्या क्षेत्रात म्हैसूरने धाडस दाखवले. राजकन्या कृष्णाजम्मण्णी यांच्या स्मरणार्थ १९२१ मध्ये म्हैसुरात क्षयरोग्यांचे इस्पितळ सुरू झाले, आणि १९३५ मध्ये बंगळुरात बायका-मुलांसाठी वाणीविलास इस्पितळ उघडले. सुईणीच्या हातची अंधाऱ्या खोलीतली बाळंतपणे हळूहळू इस्पितळाकडे वळू लागली. जून १९३० मध्ये संस्थानाने आपल्या चार प्रमुख इस्पितळांत संततिनियमनाची केंद्रे उघडण्याचा हुकूम काढला. जगातल्या अगदी पहिल्या सरकारी केंद्रांत त्यांची गणना होते. मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे १९२१ पासून हेच काम एकट्याने, समाजाची निंदा सोसत करत होते. मुंबईत जे एका माणसाचे व्रत होते, ते म्हैसुरात सरकारी खात्याचे काम झाले. किती मुले व्हावीत याचा निर्णय स्त्रीच्या शरीराशी निगडित आहे, हे त्या हुकुमात लिहिलेले नव्हते. पण दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या स्त्रीला ते उमगत असणार.

मताधिकाराची मागणी याच सुमारास पुढे आली. मद्रास आणि मुंबई इलाख्यांत १९२१ मध्ये स्त्रियांच्या मतदानाची वाट मोकळी झाली, आणि म्हैसुरात १९२३ च्या राज्यघटनाविषयक सुधारणांनी. मत मिळण्यासाठी मालमत्तेची किंवा शिक्षणाची अट होती. मालमत्ता पुरुषाच्या नावावर आणि शिक्षण मोजक्यांचे, त्यामुळे मतदार स्त्रिया थोड्याच निघाल्या. तरी याच अटीने दोन प्रश्नांची गाठ बांधली: मालमत्ता नाही म्हणून मत नाही, तर मालमत्ता का नाही? जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईंच्या अध्यक्षतेखाली भरले. ते शिक्षणासाठी बोलावले होते. लवकरच परिषद बालविवाह आणि वारसा हक्क यांवर बोलू लागली.

म्हैसुरात या चर्चेतून १९३३ चा हिंदू स्त्रियांच्या हक्कांचा कायदा आला. एकत्र कुटुंबाची वाटणी होताना विधवा, आई आणि अविवाहित मुली यांना वाटा मिळावा, अशी तरतूद त्यात होती. मुलीचा वाटा भावाहून कमी होता आणि लग्न झालेल्या मुलीला तो नव्हताच. स्त्रीधनाची व्याख्या रुंद झाली. नवऱ्याचा छळ सोसणाऱ्या किंवा सवत आलेल्या स्त्रीला वेगळे राहून पोटगी मागण्याचा आधार मिळाला. ब्रिटिश हिंदुस्थानात डॉ. गोपाळराव देशमुखांच्या प्रयत्नाने झालेला हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा १९३७ चा. तो विधवेपुरता होता आणि मुलीला त्यात वाटा नव्हता. म्हैसूर चार वर्षे आधी आणि एक पाऊल पुढे होते. ‘तिला सांभाळू’ असे म्हणणाऱ्या दिराला आता ‘तिला देणे लागतो’ असे म्हणावे लागले, आणि ते त्याने म्हटले नाही तर न्यायालय म्हणू शकत होते.

त्याच १९३३ सालची एक घटना मराठी घराण्याशी निगडित आहे. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था म्हैसूर संस्थानाने दिलेल्या ३७१ एकर जमिनीवर उभी आहे. मुंबई विद्यापीठातून उत्तम गुणांनी पदवी घेतलेल्या कमला भागवत, म्हणजे दुर्गा भागवतांच्या भगिनी आणि पुढच्या कमला सोहोनी, यांनी तिथे संशोधनासाठी अर्ज केला. त्यांचे वडील आणि काका याच संस्थेत शिकलेले. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून नकार दिला. कमलाबाई बंगळूरला गेल्या, कारण विचारले आणि हटल्या नाहीत. एक वर्ष परीक्षेदाखल, इतरांचे लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने काम करायचे, या अटींवर त्यांना प्रवेश मिळाला. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षाअखेरीस रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला. कमलाबाईंना १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. अट मान्य केल्याचा अपमान त्यांच्या मनातून कधी गेला नाही, हे त्यांनी पुढे उघड बोलून दाखवले. म्हैसुरात महाराणींच्या नावाने मुलींची शाळा निघून अर्धे शतक लोटले होते, तरी विज्ञानाच्या प्रयोगशाळेत स्त्रीला आपली पात्रता पुरुषाहून वेगळी सिद्ध करावी लागली.

चौथ्या दशकाच्या अखेरीस स्त्री दरबाराच्या विरोधातही उभी राहिली. १९३८ मध्ये म्हैसूर काँग्रेसने जबाबदार राज्यपद्धतीसाठी शिवपुर येथे झेंडा सत्याग्रह केला. त्या काळच्या चळवळीत यशोधरम्मा दासप्पा यांच्यासारख्या स्त्रिया पुढे आल्या. यशोधरम्मा स्वातंत्र्यानंतर राज्याच्या मंत्री झाल्या. राजाने काढलेल्या शाळांत शिकलेली पिढी राजाकडे लोकांचे राज्य मागत होती.

या सर्व बदलाची मर्यादा त्याच्या आरंभातच होती. शाळा, पदवी, मासिके आणि कायदे यांचा लाभ आधी शहरातल्या आणि उच्च जातींतल्या स्त्रियांना झाला. १९१३ चा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा गावोगावच्या मुलींपर्यंत पोचायला फार वेळ लागला. देवदासीची उपजीविका गेली, कोष सांभाळणारीच्या श्रमाची नोंद झाली नाही, आणि वाटणीत हिस्सा मिळाला तो ज्या घरात वाटायला काही होते तिथेच. तरी या बावन्न वर्षांत स्त्री राज्यापुढे हात पसरणारी राहिली नाही. अर्ज करणारी, वर्गणी गोळा करणारी, मत देणारी आणि दावा लावणारी झाली. म्हैसूर संस्थानाने दिलेल्या गोष्टी मोठ्या होत्याच; त्या गोष्टी स्त्रियांनी आपल्या करून घेतल्या, म्हणून त्या संस्थान विलीन झाल्यावरही उरल्या.